विनिपेगचा हिवाळा आणि दुपारी दोनला उठणारा मुलगा

प्रश्न : आम्ही नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहतो. मुलगा सप्टेंबरमध्ये शिकायला कॅनडात विनिपेगला गेला. पहिले दोन महिने रोज फोटो पाठवायचा. नोव्हेंबरपासून फोनवर हूं-हूं करतो आणि ठेवून देतो. दुपारी दोनला उठतो, सकाळच्या लेक्चरला दांडी मारतो, नूडल्स आणि ब्रेडवर भागवतो, वजनही वाढलंय. बाहेर जात जा म्हटलं तर म्हणतो, ‘आई, उणे पंचवीस आहे, कुठं जाऊ?’ जॅकेट चांगलं घेऊन दिलं होतं, डिंकाचे लाडू आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या पाठवल्या. थंडी एप्रिलपर्यंत राहते म्हणतात. आम्ही इथून काय करावं? फेब्रुवारीत आम्ही दोघांनी जाऊन यावं का? यांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे.

उत्तर :

ताई, विनिपेगमध्ये मी बरीच वर्षं डॉक्टरकी केली, आता नागपुरातच माझा दवाखाना आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे निघालेली मुलं माझ्याकडे येतात आणि डिसेंबर लागला की त्यांचे आईवडील येतात. जवळपास प्रत्येक घरात थंडीची तयारी चोख झालेली असते. उजेडाची तयारी कुणीच केलेली नसते. तुमच्या मुलाचं जे चाललंय त्यात थंडीचा वाटा थोडा आणि अंधाराचा मोठा, असं मला वाटतं. म्हणून जॅकेटबद्दल नंतर बोलू, आधी त्याच्या झोपेकडे बघू.

आपलं नागपूर २१ अक्षांशावर. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा इथे पावणेअकरा तासांहून जास्त उजेड असतो आणि दुपारचा सूर्य आकाशात निम्म्यावर चढतो. विनिपेग ५० अक्षांशावर. तिथे त्या दिवशी सूर्य सकाळी साडेआठच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेचारला मावळतो. भरदुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर असतो, म्हणजे घरांच्या छपरांवरून सरकत गेल्यासारखा. आता तुमचा मुलगा दोनला उठतो, तीनपर्यंत आवरतो. त्याच्या वाट्याला दिवसाचा उजेड येतो दीड-दोन तास, आणि तोही खिडकीच्या काचेतून. एक गोष्ट त्याला जरूर विचारा : खोली तळघरात आहे का? तिकडे घरांना बेसमेंट असतं आणि भाडं कमी म्हणून विद्यार्थी तिथे राहतात. खिडकी छताला लागून, हातभर रुंदीची. बर्फ पडला की तीही झाकली जाते. असं असेल तर तो महिनाभरापासून उजेडाशिवाय राहतो आहे.

तो आळशी झालाय असं मानू नका. तो नागपूरच्या मे महिन्यासारखा वागतो आहे. २३ मे २०१३ ला आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता. अशा दिवसांत आपण काय करतो? अकराच्या आत कामं उरकतो, दारं-खिडक्या लावतो, कूलर सुरू करतो आणि ऊन उतरल्यावरच बाहेर पडतो. लहानपणापासून हेच अंगवळणी पडलेलं असतं आणि मे महिन्यात ते बरोबरच आहे. तिकडच्या हिवाळ्यात मात्र हीच सवय माणसाला खाते. संध्याकाळी तिथे काही उतरत नाही. थंडी वाढते आणि अंधार पडलेला असतो. तिथे बाहेर पडायची वेळ म्हणजे दुपारी बारा ते दोन, म्हणजे नेमकी तीच, जी नागपूरकराला घरात बसायची वाटते.

आणि शहर त्याला आत बसायला मदतच करतं. मॅनिटोबा विद्यापीठाच्या मोठ्या कॅम्पसवर बऱ्याच इमारती भुयारी मार्गांनी जोडलेल्या आहेत. शहराच्या मध्यभागी रस्त्यांवरून बंदिस्त पूल गेलेत, एका इमारतीतून दुसरीत कोट न घालता जाता येतं. पोर्टेज अँड मेन नावाचा जो प्रसिद्ध चौक आहे, तिथला वारा ज्याने खाल्लाय त्याला या पुलांची किंमत कळते. पण घर, बस, भुयार, वर्ग, भुयार, बस, घर असा दिवस गेला तर माणसाच्या डोळ्यात आठवडाभर खरा उजेड शिरत नाही.

हे डोळ्याचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळा उपाय त्यावरच उभा आहे. आपल्या शरीरातलं घड्याळ डोळ्यात जाणाऱ्या उजेडावर लागतं. झोप कधी यावी, भूक कधी लागावी, उठल्यावर तरतरी कधी यावी, हे सगळं त्यावरून ठरतं. उजेड लक्समध्ये मोजतात. चांगले दिवे लावलेल्या खोलीत ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. बाहेर दिवसा, आभाळ असलं तरी काही हजार लक्स असतो आणि ऊन पडलं की त्याच्या कैकपट. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण ते जुळवून घेतात. घड्याळाला तो बरोबर कळतो.

विनिपेगच्या बाबतीत एक गोष्ट फार चांगली आहे आणि मुलांना ती कुणी सांगत नाही. तिथली कडक थंडी उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या हवेची असते, त्यामुळे सर्वांत थंड दिवस बहुधा सर्वांत निरभ्र असतात. खाली ताजा पांढरा बर्फ, तो पडलेल्या उजेडातला बहुतेक परत फेकतो. अशा सकाळी हवेत बर्फाचे बारीक कण तरंगत चमकतात आणि कधी कधी सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूला इंद्रधनुष्याच्या कडा असलेले दोन झगझगीत ठिपके दिसतात, जणू तीन सूर्य एका ओळीत उगवलेत. मुलाला सांगा, उणे पंचवीस ऐकून जो दिवस तो टाळतो, त्याच दिवशी त्याला हवं असलेलं औषध दारात पडलेलं असतं. रोज दुपारी अर्धा-पाऊण तास बाहेर चालायचं. जेवण झाल्यावर मित्राबरोबर, नाहीतर एकट्याने. भुयार सोडून वरून वर्गात जायचं. बसचा एक स्टॉप आधी उतरायचं. नदी पक्की गोठली की फोर्क्सजवळ, रेड आणि असिनिबोइन या नद्या मिळतात तिथे, बर्फावरच स्केटिंगची आणि चालायची वाट तयार करतात. तिथे एकदा गेला की पुन्हा जाईल.

आता झोपेबद्दल. यात तुमचा थेट हातभार लागू शकतो. हिवाळ्यात विनिपेग आपल्या साडेअकरा तास मागे असतं. तुम्ही सकाळची कामं आटोपून अकरा वाजता फोन लावता तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. त्यानंतर नागपूरचे मित्र दिवसभर ऑनलाइन, म्हणजे त्याची अख्खी रात्र जागी. हा मुलगा अंगाने कॅनडात आणि घड्याळाने नागपुरात राहतोय. तुम्ही फोनची वेळ बदला. आपल्याकडे संध्याकाळी आठ म्हणजे तिथे सकाळचे साडेआठ. रोज त्याच वेळी फोन करा. उपदेश करू नका. ‘आज भाजी काय केली माहीत आहे का’ एवढंच बोला, पण त्याला उठून बसवा, खिडकीचा पडदा उघडायला लावा.

पण उद्यापासून एकदम साडेआठ, असं करू नका. दोनला उठणाऱ्याच्या शरीरात सकाळी सात-आठला मध्यरात्र असते. त्या वेळी झगझगीत उजेड दिला तर घड्याळ पुढे यायच्या ऐवजी आणखी मागे जाऊ शकतं. उठायची वेळ दर एक-दोन दिवसांनी अर्धा-एक तास अलीकडे आणायची आणि उठल्याबरोबर उजेड घ्यायचा. दोन आठवड्यांत तो सकाळवर येतो. रात्री दहानंतर मोठे दिवे बंद, पडद्याचा उजेड कमी. सुटीच्या दिवशीही उठायची वेळ तीच.

सूर्य उगवायच्या आधी उठावं लागतं त्यांच्यासाठी तिकडे उजेडाचे खास दिवे मिळतात, त्यांना लाइट बॉक्स म्हणतात. दहा हजार लक्सचा, अतिनील किरण गाळणारा घ्यायचा. कंपनीने लिहिलेल्या अंतरावर, साधारण हात-दीड हातावर, थोडा बाजूला ठेवायचा आणि समोर बसून अर्धा तास नाश्ता करायचा, वाचायचं. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. काही वाचनालयांत आणि विद्यापीठांत असे दिवे वापरायला ठेवलेले असतात, आधी चौकशी करायला सांगा. मात्र ज्याला किंवा ज्याच्या घरात कुणाला बायपोलर आजार (मन कधी उन्मादात, कधी नैराश्यात जाण्याचा) आहे, ज्याच्या डोळ्याच्या पडद्याला त्रास आहे, किंवा उन्हाने अंगावर चट्टे उठवणारं औषध चालू आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरू नये. बायपोलरमध्ये त्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो.

हे मी एवढं का सांगतोय? हिवाळ्यात दरवर्षी येणारी एक उदासी असते. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि उजेडाने ती बरी होते हेही दाखवलं. नेहमीच्या नैराश्यात झोप उडते, जेवण जात नाही. यात उलटं होतं : झोप संपत नाही, भात-ब्रेड-गोड खावंसं वाटतं, वजन वाढतं, माणसांत जाणं नकोसं होतं. तुमच्या चिठ्ठीतल्या खुणा याच्याशी जुळतात. चिठ्ठीवरून निदान करू नये आणि मी करत नाही. पहिलाच हिवाळा आहे, एकटेपणा आहे, अभ्यास जड जात असेल, पैशाची काळजीही असेल. पण दोन आठवडे उजेड, झोप आणि चालणं सांभाळूनही फरक पडला नाही, तर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरला भेटायचं आणि समुपदेशकाची वेळ घ्यायची. औषधं आहेत, बोलून करायचे उपचार आहेत, दोन्ही गुण देतात. आणि ‘जगून काय करायचं’ अशा अर्थाचं काहीही त्याच्या तोंडून निघालं, किंवा तो फोनच उचलेनासा झाला, तर दोन आठवडे थांबायचं नाही. कॅनडात अशा वेळी मदतीसाठी ९८८ हा नंबर चोवीस तास चालतो, फोन किंवा मेसेज दोन्ही. त्याच्या घरमालकाचा, एका मित्राचा नंबर आजच घेऊन ठेवा. जीव देण्याचा विचार येतो का, असं विचारल्याने त्याच्या मनात नको ते येईल ही भीती बाळगू नका. त्याला सरळ विचारा.

आता जॅकेट. तिकडे नुसतं तापमान बघून निघत नाहीत, वाऱ्यासकट किती जाणवेल तो आकडा बघतात, त्याला विंड चिल म्हणतात. उणे वीस तापमान आणि ताशी तीस किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे तेहेतीस जाणवतं. कॅनडाच्या हवामान खात्याच्या हिशेबाने हा आकडा उणे २८ ते उणे ३९ असताना उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, उणे ४० ते ४७ मध्ये पाच ते दहा मिनिटांत. म्हणून वारा नसलेले उणे पंचवीस म्हणजे नीट कपडे घालून अर्धा तास फिरायचा दिवस. विंड चिल उणे चाळिसाच्या खाली गेला तर कामापुरतंच बाहेर जायचं आणि चालणं इमारतींमधल्या काचेच्या पुलांवर उरकायचं. पुलांचा खरा उपयोग तेव्हाच.

जॅकेट चांगलं असूनही मुलं काकडतात, कारण आत सुती बनियन असतं. सुती कपडा घाम धरून ठेवतो, थांबलं की तो गार पडतो आणि अंगातली ऊब ओढतो. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस किंवा स्वेटर, सर्वांत वर वारा न शिरणारा कोट. पाय विसरतात लोक. जीन्सच्या आत थर्मल हवंच. हातमोजे पाच बोटांचे नकोत, चार बोटं एकत्र राहणारे घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात. बूट अर्धा-एक नंबर मोठे. दोन जाड मोजे कोंबून घट्ट बूट घातला की रक्त खेळत नाही आणि पाय आधी बधिर होतात. कानटोपी, आणि नाकावर घ्यायला गळ्यातली नळीसारखी पट्टी. दमा असेल तर ही पट्टी फार महत्त्वाची, श्वासात जाणारी हवा ती थोडी कोमट करते. फोन आतल्या खिशात ठेवायचा, थंडीत बॅटरी एकाएकी मरते.

कानाची पाळी, नाकाचं टोक, गाल पांढरट पडून बधिर झाले की लगेच आत जायचं. आपला हात आपोआप चोळायला जातो. चोळायचं नाही, कातडीच्या आतली इजा वाढते. शेकोटी, हीटर, गरम पाण्याची पिशवीही लावायची नाही, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. कान-गालावर कोमट तळवा धरायचा. बोटं असतील तर सोसवेल अशा कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंशांच्या, बुडवायची. फोड आले, कातडी कडक लागली किंवा संवेदना परत आली नाही तर थेट इस्पितळ. आणि दारूने ऊब येते हा समज त्याच्या मित्रांत असेलच. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडत राहते.

घरातल्या हवेबद्दल तो बोलला नसेल, पण ओठ फुटले असतील, सकाळी नाकातून रक्ताचा डाग येत असेल, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक चटका बसत असेल. गार हवेत पाण्याची वाफ मुळातच कमी, तीच हवा हीटिंगने तापवली की ठणठणीत कोरडी होते. कढत पाण्याने लांबलचक आंघोळ बंद. कोमट पाणी, थोडा वेळ, आणि अंग ओलसर असतानाच घट्ट क्रीम किंवा व्हॅसलिन. तुम्ही खोबरेल दिलं असेल तर ते तिकडच्या घरात थिजलेलंच राहतं. तळहातावर घासून लावलं तर चालतं. नाकात झोपताना सलाइनचा फवारा. खोलीत हवा ओलसर ठेवणारं छोटं यंत्र, ह्युमिडिफायर, ठेवता येईल, पण काचेवर पाणी साचून बर्फ धरायला लागला की ते कमी करायचं, नाहीतर भिंतीला बुरशी येते. खोली गार पडते म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅसचा स्टोव्ह पेटवून बसायचं मात्र कधीही नाही. बंद घरात कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणूस जातो. खोलीत त्याचा अलार्म आहे का, चालू आहे का, हे त्याला आज बघायला सांगा.

व्हिटॅमिन डी हवंच. त्या अक्षांशावर साधारण ऑक्टोबर ते मार्च उन्हात कातडीला ते तयारच करता येत नाही, मग माणूस कितीही वेळ बाहेर राहो. आणि आपल्या सावळ्या कातडीला तर उन्हाळ्यातही जास्त ऊन लागतं. दुपारचं फिरणं हे मन आणि झोप यांसाठी, व्हिटॅमिन डीसाठी गोळी. पण तुम्ही कोणती पाठवलीत? आपल्याकडे सर्रास ६०,००० युनिटची आठवड्याची गोळी देतात. ती कमतरता भरून काढायला, ठरावीक आठवड्यांपुरती असते. महिनोन्महिने दर रविवारी घेत राहिला तर रक्तात कॅल्शियम वाढून त्रास होतो. तपासणी न करता रोज ६०० ते १,००० युनिट पुरेत. तिकडच्या दुधात व्हिटॅमिन डी घातलेलं असतंच.

डिंकाचे लाडू चांगले, पण जो चालत नाही त्याला दिवसाला एक पुरे. त्याला भाजीकडे वळवा. फोनवर भरीत शिकवा, तिकडे ओव्हनमध्ये वांगं छान भाजतं, सांभार (कोथिंबीर) दुकानात मिळतो. आठवड्यातून एक दिवस दोन-तीन पोरांनी मिळून स्वयंपाक केला तर जेवणही होतं आणि माणसंही भेटतात. माझ्या मते या पोरांना दुसरी गोष्ट जास्त लागते.

राहिला तुमच्या जाण्याचा प्रश्न. जा, पण जानेवारीत नको. फेब्रुवारीच्या मध्यावर दिवस दहा तासांच्या वर गेलेला असतो आणि तोवर फोनवरून सुरू केलेलं काम थोडं मार्गी लागलेलं असेल. त्याच सुमारास सेंट बोनिफेस या फ्रेंच वस्तीत फेस्टिव्हल द्यु वॉयाजर हा हिवाळी उत्सव भरतो, बर्फाची शिल्पं असतात; तुम्हाला दाखवायच्या निमित्ताने तो बाहेर पडेल. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी तिथे लुई रिएल दिनाची सुटी असते, ती धरून जा.

तुमच्या यजमानांसाठी आधी हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घ्या. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. तिकडे दर हिमवृष्टीनंतर फावड्याने बर्फ काढताना लोकांना हृदयविकाराचे झटके येतात. मुलाला मदत म्हणूनसुद्धा त्यांनी फावडं हातात घ्यायचं नाही, हे निघण्याआधीच ठरवून टाका. जेवल्याबरोबर वाऱ्याच्या तोंडावर चालायचं नाही. छातीत दडपण आलं तर लगेच ९११ या तिकडच्या आपत्कालीन नंबरवर फोन. गोळ्या पूर्ण मुदतीच्या, इंग्रजीतल्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. प्रवासाचा विमा आधीच्या आजाराला लागू होणारा घ्या, नियम वाचून. तिकडचं इस्पितळाचं बिल आपल्याला झेपणारं नसतं. दोघांच्याही बुटांच्या तळाला लावायच्या दातेरी पट्ट्या मुलाला आधीच आणून ठेवायला सांगा. पारदर्शक बर्फ काळ्या रस्त्यावर दिसत नाही आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर सगळा प्रवास इस्पितळात जातो. छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवून, हात खिशाबाहेर.

जाड कोट इथे विकत घेऊ नका. आपल्याकडे हिवाळ्यात तिबेटी लोकांच्या बाजारात मिळणारे स्वेटर आतून घालायला उत्तम, पण बाहेरचा कोट आणि बूट तिकडचेच लागतात. मुलाला दोघांचे कोट घेऊन विमानतळावर यायला सांगा. स्वेटर, कानटोपी, हातमोजे सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, म्हणजे बॅगा यायला उशीर झाला तरी अडणार नाही.